कॅलरी मोजायच्या तर आधी कढईचं वजन करा

कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये ‘भरली वांगी, १ वाटी’ शोधलं की ढीगभर नोंदी समोर येतात आणि आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मायफिटनेसपाल या ॲपमध्ये बऱ्याच नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. हेल्दीफायसारख्या (पूर्वीचं हेल्दीफायमी) भारतीय ॲपमध्ये आपले पदार्थ जास्त सापडतात, पण त्यांना तुमच्या फोडणीत तेल किती पडलं ते कुठून कळणार? फोटोवरून कॅलरी सांगणाऱ्या सोयीचंही तसंच. कॅमेऱ्याला वांगं दिसतं, वांग्याने पिऊन घेतलेलं तेल दिसत नाही.

म्हणून रोजच्या भाज्या-आमट्यांसाठी तयार नोंद उचलू नका. ॲपमधल्या ‘रेसिपी’ विभागात आपली स्वतःची कृती एकदा भरा. त्यासाठी ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा, भांडं ठेवून शून्य करता येणारा स्वयंपाकाचा काटा पुरतो.

भरल्या वांग्यांचाच हिशोब करू. रिकामी कढई ४८० ग्रॅम. आत जातात वांगी ५०० ग्रॅम (साधारण १२५ कॅलरी), कांदा १०० ग्रॅम (४०), तेल ५० ग्रॅम (४५०), शेंगदाण्याचं कूट ५० ग्रॅम (२७५), सुकं खोबरं २० ग्रॅम (१३०), गूळ १० ग्रॅम (४०) आणि गोडा मसाला (३०). एकूण १०९० कॅलरी. त्यातल्या ८५५ तेल, कूट आणि खोबरं या तिघांच्या. सगळी वांगी मिळून सव्वाशे. भाजी झाल्यावर कढईसकट वजन ११८० भरलं, तर भाजी झाली ७०० ग्रॅम. ॲपमध्ये ‘सर्व्हिंग’ची संख्या ७०० टाका, म्हणजे एक सर्व्हिंग बरोबर एक ग्रॅम. मग ताटात १५० ग्रॅम वाढून घेतली की १५० लिहायचं. ॲप २३४ कॅलरी धरेल. ‘४ जणांसाठी’ असं लिहून ठेवलं तर ज्याने दोनदा वाढून घेतलं त्याचा हिशोब बुडाला. वजन भाजी शिजून झाल्यावरच करायचं, कारण पाणी किती आटलं यावर दर ग्रॅमचा आकडा ठरतो. रश्श्यावर तर्री असेल तर ढवळून वाढा, नाहीतर पहिल्या वाढून घेणाऱ्याला तेल आणि शेवटच्याला पाणी. घरातल्या कढया-पातेल्यांची वजनं फोनमध्ये एकदाच लिहून ठेवा.

तेल मात्र चमच्याने मोजू नका. चमचे सगळ्यांचे वेगळे, आणि फोडणीची पळी तर विचारूच नका. तेलाची बरणी काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, तेल ओतून बरणी परत ठेवायची; काट्यावर उणे जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. दर ग्रॅमला ९ कॅलरी. पुऱ्या, भजी, वडे तळायचे असतील तर तळण्याआधी कढईसकट तेलाचं वजन करा आणि ते गार झाल्यावर पुन्हा. फरक पोटात गेला असं धरा.

एक ताळा महिन्याच्या किराण्यावरूनही करता येतो. एक लिटर तेलाच्या पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असतं. चार माणसांच्या घरात महिन्याला ४ लिटर संपत असेल तर माणशी रोजचे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास २७० कॅलरी होतात, तूप-लोणी वेगळं. ॲपमध्ये तुमची रोजची तेलाची नोंद १० ग्रॅमच दिसत असेल, तर बाकीचं कुठेतरी लिहायचं राहतंय.

पोळीला ॲप अनेकदा ८०-९० कॅलरी दाखवतं. ती नोंद छोट्या, कोरड्या फुलक्याची असते. ५०० ग्रॅम कोरडी कणीक, १५ ग्रॅम तेल आणि त्यातून १६ घडीच्या पोळ्या, तर एकीच्या सुमारे ११५. वरून अर्धा चमचा तूप लावलं की १३५च्या पुढे. भाकरीला तेल नाही, पण पीठ जास्त लागतं. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी २३०-२४० च्या घरात जाते.

भाताची चूक सगळ्यात महाग पडते. १०० ग्रॅम कच्चा तांदूळ म्हणजे सुमारे ३५५ कॅलरी, तेवढ्याच वजनाचा शिजलेला भात साधारण १३०. ताटातला १५० ग्रॅम भात चुकून ‘तांदूळ’ या नोंदीत टाकला तर १९५च्या जागी ५३० दिसतात. उलटी चूक झाली तर आकडा खूश करणारा येतो, म्हणून ती पटकन लक्षात येत नाही.

डाळींच्या बाबतीत मात्र दोन बरोबर आकडे सापडू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या सारणीत हरभरा डाळ १०० ग्रॅमला ३३०च्या आसपास आहे, अमेरिकी सारणीत बेसन ३८७. चोथ्याचा हिशोब दोन्हीकडे वेगळा धरलेला आहे. कोणताही एक स्रोत घ्या आणि त्यालाच धरून राहा.

उपासाचा दिवस जपून लिहा. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, थोडा बटाटा आणि दोन चमचे तूप, एवढी खिचडी पावणेपाचशेपर्यंत जाते. भिजवल्यावर साबुदाण्याचं वजन साधारण दुप्पट होतं, त्यामुळे वजन कोरड्याचंच लिहायचं. बाहेरच्या मिसळीला, वडापावला काटा लावता येत नाही. तिथे उपलब्ध नोंदींतली वरच्या बाजूची निवडा आणि पुढे चला.

आता रोजच्या लक्ष्याचं. बरीच ॲप्स मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. ३५ वर्षांची, १५६ सेंटिमीटर उंच, ६४ किलोची बाई घेतली तर आरामात पडून राहायलाच १२७९ कॅलरी लागतात असं ते सांगतं. बैठं काम निवडलं की याला १.२ ने गुणतात, १५३५ येतात. ‘हलकी हालचाल’ निवडली की १.३७५ ने, १७५९. एका टिचकीत सव्वादोनशेचा फरक! त्यावर पावलांची नोंद जोडली तर काही ॲप्स चालण्याच्या कॅलरी आणखी वाढवून देतात, म्हणजे तेच चालणं दोनदा मोजलं जातं. बैठं काम निवडा आणि पावलं जोडा, किंवा हालचाल निवडा आणि पावलांची जोडणी बंद ठेवा.

सूत्राचा आकडा तरीही अंदाजच. तीन आठवडे इमानदारीने लिहा, रोज सकाळी एकाच वेळी वजन करा आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना करा. लोणचं-पापड जास्त झाले किंवा पाळी जवळ आली तरी पाणी साठून किलोभर वर-खाली होतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून काही बदलू नका. वजन उतरवायचं असेल आणि सरासरी हललीच नाही तर लक्ष्यातून १५०-२०० कमी करा, पण त्याआधी तेलाची बरणी पुन्हा तपासा. गरोदर बायकांनी, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लक्ष्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. खाण्याविषयीचा मानसिक आजार (ईटिंग डिसऑर्डर) पूर्वी होऊन गेला असेल तर या ॲपच्या वाटेला न गेलेलंच बरं.