आमचा विश्वास वाढव, पण कधी?

शिष्यांनी येशूकडे "आमचा विश्वास वाढव" अशी मागणी नक्की कधी केली माहितीये? वादळ शांत झालं तेव्हा नाही, याईराची मेलेली मुलगी उठली तेव्हा पण नाही. बायबलमधलं लूक १७ काढून बघा. येशू म्हणाला की तुझ्या भावाने दिवसातून सात वेळा तुझा अपराध केला आणि सातही वेळा परत येऊन मला पश्चात्ताप झालाय म्हणाला तरी त्याला क्षमा कर, आणि हे ऐकल्याबरोबर प्रेषितांच्या तोंडून ते निघालं. चमत्कार बघून ते थक्क व्हायचे, पण घाम फुटला तो माफीच्या गोष्टीने. मला हे लक्षात आलं तेव्हा जाम बरं वाटलं.

कारण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माफीची एवढी घाई असते की विचारू नका. कोणी दुखावलं गेलं की लगेच कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणणार, सोडून द्या, माफ करून टाका, आपण ख्रिस्ती आहोत ना. ती व्यक्ती बिचारी मान डोलावते, सगळे आमेन म्हणतात आणि विषय संपला. आपण याला आत्मिक म्हणतो, मला ते नुसतं प्रेशर वाटतं.

मी स्वतः यातून गेलेय. मंडळीतल्या एका बहिणीला घरातली एक अडचण विश्वासाने सांगितली होती, ती "प्रार्थनेचा विषय" म्हणून कुठल्या कुठे पोचली (या नावाखाली काय काय फिरतं यावर कधीतरी वेगळं लिहीन). तिने नंतर माफी मागितली, मी पण माफ केलं म्हणाले, दोघींनी मिळून प्रार्थना केली, आणि ते खोटं नव्हतं. मग एका उपासनेत ती साक्ष द्यायला पुढे उभी राहिली आणि माझं डोकं परत तापलं, पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणजे मी माफ केलंच नव्हतं का?

या प्रश्नाचं उत्तर मला योसेफाच्या गोष्टीत सापडलं. १७ वर्षांचा पोरगा, स्वतःच्याच भावांनी २० रुप्याच्या नाण्यांना विकला. पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी होतो, लग्न होतं, पहिला मुलगा झाल्यावर म्हणतो की देवाने मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. झालं, विसरला. आणि मग दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला समोर येतात आणि सगळं परत वर येतं, हा बाजूला जाऊन रडतो. पण लगेच मिठी मारत नाही हं. कडक बोलतो, शिमोनाला अडकवून ठेवतो, सगळ्यात धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत प्याला लपवायला लावतो. काहींना हा बदला वाटतो, मला नाही वाटत, तो भाऊ बदललेत का ते बघतोय. ज्या यहूदाने त्याला विकायची आयडिया दिली होती तोच यहूदा म्हणतो, या पोराच्या बदली मला गुलाम म्हणून ठेवा, तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटतो. मनातली कटुता सोडणं आणि परत भरवसा ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला वेळ लागला म्हणून पहिलं झालंच नाही असं नसतं.

याच्याही पुढचा भाग मला जास्त आवडतो, त्यावर संदेश मात्र कमीच ऐकलेत. बाप याकोब मिसरात आल्यावर १७ वर्षं जगला. तो गेल्यावर हेच भाऊ परत घाबरले, की आता योसेफ सूड घेणार. इतकी वर्षं त्याच्या जिवावर जेवून सुद्धा! निरोप काय पाठवला, तर मरण्याआधी बाबा सांगून गेलेत की आम्हाला क्षमा कर. योसेफ ते ऐकून रडला. त्याच्या जागी मी असते तर चिडलेच असते, की अजून किती वेळा सिद्ध करू? तो म्हणतो, भिऊ नका, मी काय देवाच्या ठिकाणी आहे? आणि तुमच्या पोराबाळांना पण सांभाळीन. तीच माफी त्याने दुसऱ्यांदा दिली, आणि मला प्रौढपणा दिसतो तो इथे, पहिल्या मिठीत नाही.

आपण प्रौढपणा भलतीकडेच शोधतो. किती वचनं पाठ आहेत, प्रार्थना किती लांब करतो, कोणतं कृपादान, म्हणजे देवाने दिलेली खास देणगी, आहे. करिंथच्या मंडळीत तर कुठल्याच कृपादानाची कमी नव्हती, तरी प्रेषित पौल पत्रात त्यांना बाळं म्हणतो, आणि कारण काय देतो तर तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. इब्री ५ मध्ये लिहिलंय की जड अन्न प्रौढांसाठी, ज्यांना सरावाने बरंवाईट ओळखता येतं. सरावाने! मग तीच जखम परत दुखली तर माफी फेल झाली असं कशाला, सरावाची पाळी परत आली एवढंच. येशूने शिष्य पेत्राला साताच्या सत्तर वेळा माफ कर सांगितलं ते दर वेळी नवीन अपराधासाठी असेलच, पण माझे बरेचसे आकडे एकाच जुन्या अपराधावर खर्च होतात.

आणि एक, हा सराव करताना मोठमोठ्यांचं पण बिनसतं. सुवार्तेच्या फेरीत सोबत असलेला मार्क पंफुल्याहून अर्ध्यात परत गेला होता म्हणून पौलाने त्याला पुढच्या फेरीला न्यायला साफ नकार दिला, त्यावरून सोबती बर्णबाशी इतकं वाजलं की दोघं वेगळ्या वाटेने गेले, प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये काहीही न लपवता लिहिलंय. पुढे कलस्सैकरांना लिहिताना तोच पौल सांगतो, मार्क आला तर त्याचं स्वागत करा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुरुंगातून, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं, कोण आधी बोललं, पौलाने बर्णबाला कधी सॉरी म्हटलं का, यातलं काहीच लिहिलेलं नाही. मला ते वाचायला फार आवडलं असतं.