रिप्लेस ऑल

काउंटरखाली मरून रेक्झिनचा एक रिकामा पुठ्ठा पडून आहे. आत पानं नाहीत. वर सोनेरी अक्षरांत ‘अद्भुतरम्य कादंबरीमालिकेतील सत्ताधारी खलनायक’ आणि खाली एका पोरीचं नाव. बायंडरला चार पुठ्ठे सांगितले की तो पाच करतो, एखाद्यावर ब्लॉक तिरका बसला तर हाताशी असावा म्हणून. हा तो पाचवा. रद्दीत टाकवत नाही, म्हणून काय झालं ते एकदा लिहूनच काढतो.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं टायपिंग-बायंडिंगचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही टाइप करतो. टाइप हल्ली पोरं मोबाइलवर बोलून करतात. आम्ही निस्तरतो. प्रतिज्ञापत्रात गेल्या वर्षीच्या पोराचं नाव तसंच राहिलेलं असतं, ते आम्ही काढायचं. सरांनी पेनड्राइव्हवर दिलेला मजकूर जुन्या फाँटमधला असतो, तो युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, तो आम्ही पकडायचा. डावीकडं दीड इंच समास सोडायचा, कारण शिलाई अर्धा इंच खाते. हे पोरांना कुणी सांगत नाही, आणि ओळीचं पहिलं अक्षर शिलाईत गेलं की शिव्या आम्हाला. मार्गदर्शकांचं तर विचारूच नका. वर्षभर नुसत्या सह्या, आणि मार्गदर्शन सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी.

ही पोरगी गारगोटीच्या पुढची. एम.ए. दुसरं वर्ष, मराठी. पहिल्या दिवशी दारातनंच म्हणाली, “काका, मी फाइल आणलोय, कधी येऊ?” आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात. मी आलो, मी गेलो, मी जेवलो. पुण्याची माझी मेहुणी दर खेपेला हसते. हसू दे.

प्रकल्पाची फाइल ८४ पानांची, आणि माझ्या अनुभवात इतकी स्वच्छ फाइल वर्षाकाठी एखादी येते. विषय हॅरी पॉटरचा. ती पुस्तकं माझ्या पोरानं वाचलीत, मी नावं ऐकून होतो. सात भाग, १९९७ ते २००७. त्यातला मोठा खलनायक व्होल्डेमॉर्ट, हेही मला माहीत होतं. पण प्रकल्प त्याच्यावर नव्हताच. तो होता २००३ साली आलेल्या पाचव्या भागातल्या डोलोरस अम्ब्रिज नावाच्या बाईवर. जादू मंत्रालयातली अधिकारी, गुलाबी कपडे घालणारी, कचेरीच्या भिंतीवर मांजराच्या पिल्लांच्या बशा लावणारी. मंत्रालय तिला शाळेत शिक्षिका म्हणून पाठवतं आणि ती हळूहळू अख्खी शाळा खिशात घालते.

पुठ्ठे दुपारी आले. सोनेरी छपाई अशी बसली होती की बायंडरला मी मुद्दाम फोन करून सांगितलं. संध्याकाळी छापायचं, सकाळी सातला पानं शिलाईला, मग दोन-तीन तास दाबात, आणि दुपारी तीनच्या आत जमा. पावणेसहाला तिचा फोन.

“काका, सर म्हणाल्यात सगळीकडं खलनायिका करा. बाई हाय म्हणं, खलनायक कसं चालंल. एका वाक्यात ती, दुसऱ्या वाक्यात तो, व्याकरण चुकायलंय म्हणाले. नाहीतर सही करत नाही.”

“आणि पुठ्ठ्यावरचं?”

“त्याला आता काय करायचं? राहू दे. मी गाडीत बसलोय काका. उद्या साडेधाला येतो.”

सरांचं एक खरं होतं. अम्ब्रिज म्हटलं की पोरगी ‘ती’ लिहायची आणि खलनायक म्हटलं की ‘तो’. मलाही पानं चाळताना खटकलं होतं. पण आमच्या धंद्यात खटकलेलं बोलायचं नसतं. गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं.

शहाण्या माणसानं मराठीत रिप्लेस ऑल दाबू नये. मी घाईत दाबलं. २१७ ठिकाणी बदल झाले असं मशीन म्हणालं. पहिलंच वाक्य बघतो तर ‘खलनायिका’पुढं एक सुटा काना ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला आणि मग ‘ने’. ‘खलनायकाने’मधला ‘खलनायक’ गेला, काना मागं राहिला. ‘खलनायकी’चं तर वाचताच येईना. सगळं मागं घेतलं आणि रीतीनं सुरुवात केली. आधी लांब रूपं एकेक करून, खलनायकाच्याचं खलनायिकेच्या, खलनायकालाचं खलनायिकेला. मग अनेकवचन, ते मात्र डोळ्यांनी, कारण ‘खलनायकांच्या’मध्ये व्होल्डेमॉर्टही येतो आणि त्याला बाई करून चालणार नाही. सगळ्यात शेवटी उघडा ‘खलनायक’. एवढं करून निम्मंच काम होतं. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, एक शब्द बदलला की ते घरी जातात. आपल्याकडं कर्ता बदलला की त्याच्यामागं विशेषण बदलतं, सर्वनाम बदलतं, क्रियापदाची शेपटी बदलते. ‘हा खलनायक हसतो, खोकतो, चहा पाजतो आणि नियम करतो’. यात ‘हा’ धरून पाच दुरुस्त्या. हे कुठल्याच मशीनला जमत नाही. ८४ पानं वाचायचीच होती.

म्हणून मी वाचला तो प्रकल्प. एरवी आम्ही अक्षरं बघतो, वाचत नाही.

पोरीनं काय पकडलं होतं सांगतो. व्होल्डेमॉर्टचं नाव घ्यायला लोक घाबरतात. अम्ब्रिजचं नाव शेवटच्या भागात तिच्या खोलीच्या दारावर पाटीवर आहे, हुद्द्यासकट. ती व्होल्डेमॉर्टच्या टोळीतली नाही. सरकार चांगलं असलं तरी ती त्यात आहे आणि वाईट लोकांनी ताब्यात घेतलं तरी त्यात आहे, बढती घेऊन. संरक्षणाची जादू शिकवायला येते आणि पोरांना पुस्तकाचे धडे मुकाट वाचायला लावते, कांडी आत ठेवा म्हणते. दुसऱ्या शिक्षकांच्या तासाला पॅड घेऊन हजर होते आणि टिपणं काढते. (इथं मला कॉलेजांच्या तपासणी समित्या आठवल्या. त्या येणार म्हटलं की आमच्याकडं एका रात्रीत जुन्या तारखांच्या फायली तयार होतात. असो.) शिक्षा करते ती तर अंगावर येते. हॅरी एक खरी गोष्ट सांगतो, जी मंत्रालयाला नको असते. ती त्याला संध्याकाळी बसवून ‘मी खोटं बोलणार नाही’ असं लिहायला लावते. शाई देत नाही. लेखणी अशी असते की कागदावर अक्षर उमटतं तेव्हा तेच त्याच्या हाताच्या मागं कातडीत कोरलं जातं, आणि कागदावर येतं ते त्याचं रक्त. आणि बाई गोड आवाजात हात बघू म्हणते.

तिथं पोरीनं लिहिलं होतं की मोठा खलनायक एका मंत्रात मारतो, त्याला हस्ताक्षराची गरज नसते. या खलनायकाला शिक्षा भोगणाऱ्याकडूनच लिहून हवं असतं. मी ‘या खलनायकाला’चं ‘या खलनायिकेला’ केलं. पुढं ‘हवं असतं’ होतं, त्याला हात लावायची गरज पडली नाही.

अशी वाक्यं बरीच निघाली. ‘हा खलनायक कुणाला मारत नाही.’ बाप्या असो की बाई, ‘मारत नाही’ तेच. ‘खलनायकाने शिक्षा केली.’ कर्ता बदला, ‘शिक्षा केली’ तशीच राहते. भूतकाळात जे जे करून झालं होतं तिथं करणारा बाई की पुरुष हे क्रियापदाला कळतच नव्हतं. मी काही व्याकरणाचा माणूस नाही, पण २७ वर्षं शेपट्या दुरुस्त केल्यावर एवढं दिसतं.

आणि पुढच्याच प्रकरणात पोरीनं हेच धरलेलं. अम्ब्रिज शाळेत भिंतीवर फतवे लावत सुटते, त्यांना नंबर असतात. २४ नंबरच्या फतव्यानं तीन किंवा जास्त विद्यार्थी नेमानं जमतात अशी सगळी मंडळं बंद. पोरीनं तो आपल्या सरकारी मराठीत लिहून दाखवला होता, ‘याद्वारे विसर्जित करण्यात येत आहेत’, आणि विचारलं होतं की यात विसर्जित कोण करतंय? कर्ताच नाही. मी अशी पत्रं दिवसाला दहा टाइप करतो. करण्यात येत आहे, कळविण्यात येते, नोंद घेण्यात यावी. त्यात माणूस नसतो हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. त्याआधी हॅना आरेन्टबाईंचं १९६३ सालचं पुस्तक आणि कागदी घोडे नाचवत माणसं मरायला पाठवणारा तो नाझी अधिकारी आइखमन येऊन गेला होता. तो बऱ्याच प्रकल्पांत येतो, आणि आरेन्टबाईंचं नाव दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं असतं. पण ‘करण्यात येत आहे’ तिचं स्वतःचं होतं.

आणखी एक जागा. सातव्या भागात अम्ब्रिज ज्यांचे आईबाप जादूगार नाहीत अशा लोकांची चौकशी करते. खोलीच्या कोपऱ्यांत दमपिशाच्चं उभी असतात, माणसातला सगळा आनंद ओढून घेणारी. त्यांना लांब ठेवायला जी रक्षक जादू लागते ती मनात खरा आनंद असल्याशिवाय होत नाही, भल्याभल्यांना जमत नाही. या बाईचं रक्षक मांजर तिथं झकास फिरत असतं. कारण ती खरंच आनंदात असते. समोर बायका रडताहेत, हातात फायली आहेत. ते पान मी दोनदा वाचलं, एकही शेपटी बदलायची नसताना.

एक वाजून गेला होता तेव्हा ३१ व्या पानावरची तळटीप १४ समोर आली. सहा पॉइंट कमी अक्षरं, म्हणून शेवटी ठेवली होती. ती आता अशी झाली होती: ‘येथे “खलनायिका” हा शब्द टाळून जाणीवपूर्वक “खलनायिका” हा शब्द वापरला आहे.’

आधी हसलो. मग जुनी फाइल उघडली. पोरीनं लिहिलं होतं की मराठीत खलनायिका म्हटलं की कट करणारी सासू डोळ्यांसमोर येते, जिचं वाईटपण घरातल्या चार माणसांवर चालतं. अम्ब्रिजचं वाईटपण पदातून येतं. तलाठी, सरपंच, अध्यक्ष या शब्दांसारखा म्हणून ‘खलनायक’. आणि बरोबर होतं की. खलनायिका म्हटल्यावर आमच्या पिढीला ललिता पवार दिसतात, हातात सुनेचं मनगट. खलनायक म्हटल्यावर निळू फुले, मागं कारखाना, बँक, पंचायत. सरांनी तळटीप वाचलेली नव्हती. वाचून नको म्हणाले असते तरी मी समजलो असतो.

आता करायचं काय? रात्री सव्वा वाजता परक्या पोरीला फोन कसा करायचा? घरी बाप असणार, उचलला तर काय सांगू? दोन्ही फायली माझ्याकडं होत्या. पुठ्ठा जुन्या फाइलीच्या बाजूनं होता, सही नव्या. मी छापली नवी. फक्त तळटीप १४ जशीच्या तशी ठेवली. म्हणजे आत सगळीकडं खलनायिका, आणि ३१ व्या पानाखाली बारीक अक्षरांत, जाणीवपूर्वक खलनायक. असं का केलं? त्या वेळी वाटलं, निदान एका जागी तरी पोरीचं बोलणं राहावं. आता वाटतं, मला दोन्ही बाजूंनी सुटायचं होतं.

दहा-बारा दिवसांनी उरलेले पैसे द्यायला आली. मी तोंडी परीक्षेचं विचारलं.

“बाहेरनं मॅडम आलेल्या. पहिलाच प्रश्न तळटीप १४. म्हणाल्या, हे एवढं चांगलं लिहिलंयस, मग आत सगळं उलटं का?”

“मग?”

“सर शेजारीच बसलेले. काय बोलू? म्हणलो, टायपिंग मिस्टेक हाय.” थोडं थांबून म्हणाली, “मॅडम म्हणाल्या, दुकान बदल.”

मी कॅल्क्युलेटर पुढं ओढला. रात्रीच्या दुरुस्तीचे पैसे लावले नव्हते, ते ती द्यायला लागली, मी घेतले नाहीत. मग तिनं विचारलं, “तळटीप तुम्हीच तशी ठेवलासा?”

“हो.”

“वाचलासा म्हणजे.”

“सगळंच वाचलं.”

“मग फोन का नाही केलासा? मी रात्रीत काय तरी करून आलो असतो.”

गारगोटीच्या पुढनं रात्री एक वाजता कशानं येणार होती कुणास ठाऊक. पण आली असती, असं तिच्याकडं बघून वाटलं. मी काउंटरखालून पाचवा पुठ्ठा काढला आणि म्हटलं, जुनी फाइल आहे माझ्याकडं, एक प्रत तुझी तुला छापून देतो, पैसे नकोत. तिनं पुठ्ठा हातात घेतला, सोनेरी अक्षरांवरनं अंगठा फिरवला, उघडून रिकामं आतलं बघितलं आणि परत ठेवला.

“राहू दे काका,” म्हणाली. “येतो.”