काहीच झालं नाही अशी केस

मी सोलापुरात फ्रीलान्स भूल देतो, म्हणजे सकाळी सात रस्त्याला सिझर, दुपारी होटगी रोडला हाड, रात्री अजून कुठंतरी अपेंडिक्स. पेशंट बहुतेक वेळा ओटीच्या दारातच भेटतो. हा मात्र आदल्या संध्याकाळी बघायला मिळाला.

पूर्व भागातला पोरगा, पॉवरलूमवर कामाला, अक्कलकोट रोडला गाडीवरून पडून खालचा जबडा मोडलेला, रिपोर्ट सगळे नॉर्मल. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, हे मी विचारतोच आणि उत्तर जवळजवळ नेहमी 'नाही' असतं, याच्या बापानंही तेच दिलं. कोपऱ्यातली आजी तेलुगूत काहीतरी पुटपुटली तर तो तिच्यावर खेकसला. म्हटलं थांबा, बोलू द्या त्यांना.

"आमच्या घरात भूल सोसत नाय बगा डाक्टर. माझा धाकटा हर्नियाला नेला, जबडा आवळला, अंग लाकडागत, तापानं भाजत होता, तसाच गेला. नणंदेचा पोरगाबी तसाच."

बाप गप्प. हे कळलं तर ऑपरेशनच नाकारतील, ही त्याची भीती. खोटी नाही ओ, आमच्यातले कितीतरी जण हात झटकून पुण्याला पाठवतात.

मॅलिग्नंट हायपरथर्मिया. स्नायूतल्या कॅल्शियमच्या चॅनलमध्ये जन्मजात दोष, बहुतेकदा आरवायआर१ जीनमधला, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एरवी माणूस ठणठणीत. स्कोलीन (स्नायू झटकन सैल करणारं इंजेक्शन) किंवा आयसो-सेवोसारखा भुलीचा गॅस लागला की कॅल्शियम सुटत राहतं, स्नायू आवळलेलेच राहतात, कार्बन डायऑक्साइड चढतो, पोटॅशियम वाढतं, ताप तर बऱ्याचदा उशिरा येतो. १९६० साली मेलबर्नच्या डेनबरो आणि लोव्हेल यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा अशी केस छापली, २१ वर्षांचा पोरगा, मोडलेल्या पायापेक्षा भुलीला घाबरलेला, कारण घरातले दहाजण ईथरनं गेलेले. म्हणजे तिथंही निदान आधी घरच्यांनीच केलं होतं.

सर्जन म्हणाले, "अरे लहानपणी टॉन्सिलला भूल दिलीय की याला, काय झालं?" काही नाही झालं, पण दोनतीन भुली सुखरूप जाऊन पुढच्या वेळी भडकलेल्या केसेस आहेत. त्यांना ते पुस्तकी वाटलं.

यावरच्या डांट्रोलिन या औषधासाठी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले, सोलापूर, पुणे, मुंबई. नाही मिळालं. यावर हे एकच औषध खरं, किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे या ६० किलोच्या पोराला पहिल्याच डोसला २० मिलिग्रॅमच्या आठ बाटल्या, प्रत्येकीत ६० मिली पाणी घालून हलवत बसायचं. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक साठा सगळ्यांनी मिळून ठेवायला काय हरकत आहे, पण मीटिंगमध्ये जेवणाचा मेनू आधी ठरतो. पुण्याला जा म्हटलं तर बाप म्हणाला, तिथं राहायचं कुठं, खायचं काय.

मग आधीच्या केसचा गॅस उरू नये म्हणून भुलीचं मशिन धुतलं. गॅस सोडणारे व्हेपोरायझर काढून बाहेर ठेवले, कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम नवा, सर्किट नवं, दहा लिटर ऑक्सिजनवर तासाच्यावर मशिन नुसतं वाहत ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, सर सिलिंडर संपतोय. संपू दे. स्कोलीनची व्हायल ट्रेमधून उचलून कपाटात कुलूपबंद, कारण घाईत हात सवयीनं तिकडंच जातो. फ्रीजमध्ये गार सलाईन, बर्फ. बाहेर मे महिना, ओटीचा एसी कसाबसा चालू. प्रोपोफॉल पंपावर, फेंटानिल, अ‍ॅट्राक्युरियम, सगळी या आजारात चालणारी औषधं, नाकातून ट्यूब. तीन तास माझी नजर श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर, ३५, ३६, ३५, म्हणजे नॉर्मल. सर्जननी प्लेटा बसवल्या, पोरगा उठला, आईला हाक मारली.

आता अडचण ही, की त्याला तो आजार आहे की नाही मला अजूनही माहीत नाही. स्नायूचा ताजा तुकडा घेऊन करायची टेस्ट इथं होत नाही, आणि जीन टेस्टचा खर्च ऐकून बाप म्हणाला, बरा झाला ना, मग कशाला. सर्जन अजून भेटले की विचारतात, "काय, धुतलं का मशिन?" काहीच झालं नाही, याचा पुरावा दाखवायचा कुठून?

मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहून दिलीय, घरातल्या प्रत्येकानं जवळ ठेवायची. त्याच्या बहिणीला आठवा महिना चालूय. तिच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, आम्ही स्पायनलच देतो, म्हणजे कमरेतून भूल, त्यानं काही होत नाही. बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता स्पायनल लागलं नाही आणि बाळाचे ठोके पडायला लागले, तर तिथला भूलवाला आधी स्कोलीनच भरणार. त्याचा नंबर मागितलाय, अजून दिलेला नाही.