नाव कोणत्या बाजूने विचारायचे?

पर्वतीय नकाशांच्या संपादनात शिखरांना नावे देण्याच्या सूचना अधूनमधून येतात. पण त्या दिवशीचा प्रस्ताव सहज बाजूला सारण्यासारखा नव्हता. हिमालयातल्या एका शिखरावर पहिली चढाई करणाऱ्या संघाने, मोहिमेनंतर निवर्तलेल्या आपल्या नेत्याचे नाव त्याला द्यावे, अशी विनंती केली होती. जुन्या नकाशात तिथे दाटीवाटीच्या समोच्च रेषांमध्ये एक काळा ठिपका आणि शेजारी उंचीचा आकडा, एवढेच होते. दक्षिणेकडच्या खोऱ्यात चौकशी करून संघाने ‘स्थानिक नाव नाही’ असे लिहून दिले होते.

हे वाक्य मी कधीच जसेच्या तसे स्वीकारत नाही. १८५६ मध्ये भारताचे सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांनी ‘पीक १५’ला, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टला, आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले, तेही स्थानिक नाव सापडत नाही याच सबबीवर; पण नेपाळ आणि तिबेट तेव्हा सर्वेक्षकांना बंद होते, आणि चोमोलुंग्मा हे त्याचे तिबेटी नाव तर अठराव्या शतकातल्या फ्रेंच नकाशातही आलेले होते. खुद्द एव्हरेस्ट यांचा विरोध असूनही १८६५ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखराची, केटूची, गोष्ट निराळी. सर्वेक्षक मॉन्टगोमेरी यांच्या टिपणवहीतल्या ‘के१’ क्रमांकाच्या शिखराला मशेरब्रुम हे स्थानिक नाव मिळाले. केटू मात्र अस्कोले या वाटेवरच्या शेवटच्या गावातूनही दिसत नाही, त्यामुळे त्याचा क्रमांकच टिकला.

म्हणून मी उंचीच्या आकड्यांवरून डोंगरधारेचा छेद काढून पाहिला. दक्षिणेकडून पुढची धार आमचे शिखर पूर्ण झाकत होती. उत्तरेकडच्या कुरणांतून मात्र ते थेट समोर येत होते. तिकडच्या एका जाणत्या मेंढपाळाला सहकाऱ्याने फोनवरून छायाचित्र पाठवले, तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगितले. त्या माथ्यावर ढग टेकला की जनावरे खाली आणायची, हेही सांगितले. शेजारच्या, जवळजवळ तेवढ्याच उंच शिखराला नाव आहे का, असे विचारल्यावर तो हसला. त्याच्याशी कोणाचे काही कामच पडत नव्हते.

आणखी दोन कुरणांवरून तेच नाव आल्यानंतर आम्ही ते छापायला घेतले आणि शेजारच्या शिखराला आकड्यावरच ठेवले. संघ नाराज झाला, आणि ते स्वाभाविकच होते. पण नव्या चढाईमार्गाला नाव देण्याचा मान गिर्यारोहकांच्या प्रथेनुसार प्रथम चढणाऱ्यांचाच असतो. मोहिमेच्या अहवालात त्या मार्गाला आता त्यांच्या नेत्याचे नाव आहे.