तुम्ही विचारलेत म्हणून: तो फोटो आता का उजळला?

मुद्दाम काळेकुट्ट ठेवलेले माझे जुने फोटो मी आता संगणकावर उजळून का काढतो, हा प्रश्न सोलापुरातल्या छायाचित्रकार मित्रांनी इतक्या वेळा आणि इतक्या हसऱ्या तोंडाने विचारला आहे की, एकदाचे लिहूनच टाकावे. त्यामागचा आरोप मला कळतो: ढोंग तेव्हाचे की आताचे?

तेव्हा ढोंग नव्हते. छापखान्यात प्लेट करायला वापरत ती लिथ फिल्म आणून तिच्यावर निगेटिव्हची आधी पॉझिटिव्ह, मग पुन्हा निगेटिव्ह प्रत काढली की मधल्या करड्या छटा गळून पडत. साखर पेठेतल्या एका यंत्रमाग कारखान्यात, खिडकीकडे पाठ करून उभ्या असलेल्या विणकराचा फोटो मी असाच केला. माग आणि माणूस यांची एकच आकृती झाली, आणि मला तेच हवे होते.

तो विणकर वारल्यावर त्याची मुलगी माझ्याकडे आली, कारण घरात त्याचा धड एकही फोटो नव्हता. मी प्रत तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे नेली, तिरपी धरून पाहिली आणि विचारले, "सर, ह्यात वडील कुठं आहेत?" मी बोट ठेवून दाखवले. "बरं," म्हणून तिने प्रत टेबलावर ठेवली आणि ती गेली. त्याच रात्री मी मूळ निगेटिव्ह एनलार्जरला, म्हणजे कागदावर मोठी प्रत काढायच्या यंत्राला, लावली. फिल्म ओर्वो कंपनीची एनपी २७, वेग (प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० एएसए; त्यात खिडकीचा उजेड मागून. चेहऱ्याच्या जागी चांदी, म्हणजे निगेटिव्हवर चित्र घडवणारे दाणे, इतकी विरळ होती की मऊ (कमी कॉन्ट्रास्टच्या) कागदावर तो राखेसारखा सपाट येई आणि कडक (जास्त कॉन्ट्रास्टच्या) कागदावर काळ्यात बुडे. कागद संपला, चेहरा आला नाही.

अलीकडे तीच निगेटिव्ह लाइट पॅनलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याच्या मॅक्रो लेन्सने रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, टिपली आणि संगणकावर तेवढ्याच विरळ भागाचा कर्व्ह, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, ताणला. धूळ हातानेच पुसावी लागली, कारण स्कॅनर वापरला असता तरी धूळ आपोआप काढणारी त्याची इन्फ्रारेड सफाई चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालत नाही. दाणे जाड आले; पण चेहरा आला, भुवईवर कापसाचे तंतू आणि माझ्यावर रोखलेली वैतागलेली नजर. 'मला व्यक्ती नको होती, श्रम हवे होते,' असे माझ्यातला तरुण अजूनही म्हणतो. असेल, पण तो वैताग त्या तरुणाला कॅमेऱ्यामागून दिसला असणारच.

एआयने चेहरा नितळ करा, असा सल्ला देणाऱ्यांना माझा नकार आहे. जिथे चांदीच बसलेली नाही तिथे ते दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवील. मी होते तेवढेच वर काढले, असे म्हणतो खरा; पण कर्व्ह कुठवर ताणायचा हे मीच ठरवले, हेही खोटे नाही.

मुलीने नवी प्रत ठेवून घेतली, मात्र वडील घरी असे कधी पाहत नसत, असे ती म्हणाली. काळी प्रत मी फाडलेली नाही आणि प्रदर्शनात कोणती लावायची यावर माझे माझ्याशीच जमलेले नाही.