झाकणाच्या आतली खूण

शनिवारी दुपारी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात बापलेक काउंटरवर येऊन उभे राहिले. भांडण घरूनच सुरू झालेलं असावं. वडिलांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, ह्या दोघांत मोलाचं कोणतं?" मुलानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं आपलं घड्याळ काढलं.

वडिलांचं होतं ओरिएंट बँबिनो. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून साडेतेरा हजारांना घेतलेलं. दुधट डायल, रोमन आकडे, उलट्या बशीसारखी फुगीर काच. लांबून बघणाऱ्याला साठ वर्षांपूर्वीचं वाटावं, पण कोरं करकरीत. मुलाचं सेइको 5, नारिंगी डायलचं, ऑनलाइन 4,800 रुपयांना घेतलेलं, 'ओरिजिनल व्हिंटेज' म्हणून. त्याचं म्हणणं, बाबांचं घड्याळ जुन्याचं सोंग घेतंय, माझं खरं जुनं आहे, ह्याची किंमत वाढतच जाणार. वडिलांचं म्हणणं, कुणाच्या तरी हातातलं उतरलेलं घेऊन आलाय आणि वर मलाच शिकवतोय.

डबा झाकला. भिंग डोळ्याला लावलं आणि मुलाचं घड्याळ उचललं.

अर्ध्या मिनिटात कळलं. कारखान्यात छापलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा धारदार असतात. इथे त्या शाई फुटल्यासारख्या दिसत होत्या. सहाच्या खाली सेइको अगदी बारीक अक्षरांत मशीनचा आणि डायलचा नंबर छापते, तो गायब. मिनिटांच्या रेघा तीनच्या बाजूला तासांच्या खुंट्यांपासून केसभर सरकलेल्या. काट्यांतलं रेडियम (अंधारात चमकणाऱ्या लेपाला आम्ही सरसकट असंच म्हणतो) हिरवंगार, जणू काल भरलंय. चाळीस-पन्नास वर्षांत ते साईसारखं पिवळट व्हायला हवं होतं. आणि डायलवर लिहिलंय 21 ज्वेल्स, म्हणजे मशीनची झीज कमी करणारे 21 बारीक खडे.

घड्याळाचं मागचं झाकण खोललं. आत 7009 नंबरचं मशीन. त्याला 17 ज्वेल्स असतात आणि तसं मशीनवर कोरलेलंही असतं. मुलाला भिंग दिलं, म्हटलं, "वाच." त्यानं दोनदा वाचलं.

झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र 6309. सेइकोच्या झाकणावर पहिले चार आकडे मशीनचे असतात. वेगळा सिरियल नंबर असतो, त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आणि दुसरा महिन्याचा. ह्यावर 79 होतं, म्हणजे 1977 किंवा 1987 चा सप्टेंबर. दशक घड्याळ सांगत नाही, ते मशीनवरून ओळखायचं. पण 6309 दोन्ही दशकांत होतं, त्यामुळे तेही नाही. थोडक्यात काय, झाकण एका घड्याळाचं, मशीन दुसऱ्याचं, आणि डायल कुणा रंगाऱ्याची. अशा घड्याळांना बाहेरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्याला वाईट वाटायचं कारण नाही, नाव आपण कमावलंय.

टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर लावलं. दिवसाला सव्वा मिनिट पुढे, ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतल्या चक्राचा झोका, 180 अंश. धडधाकट मशीन पूर्ण चावीवर 250 च्या वर जातं. हे दम लागलेल्या माणसासारखं चालत होतं. वडिलांचं लावलं: नऊ सेकंद पुढे, 270. वडील काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले. जिंकलेल्या माणसाचं उभं राहणं वेगळंच असतं.

आता झाकण परत लावायचं म्हणून उलटं धरलं आणि आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेली खूण दिसली. घड्याळ दुरुस्त केलं की आम्ही लोक झाकणाच्या आत तारीख कोरून ठेवतो, गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. 12-8-09. आठचा आकडा दोन सुटे गोल एकमेकांवर ठेवल्यासारखा. तसा आठ मी काढतो. लहानपणी मास्तरांनी छड्या मारूनही सुधारला नाही.

पोटमाळ्यावरून 2009 ची वही काढली. धूळ झटकताना वडिलांना तीन शिंका आल्या. 12 ऑगस्टला नोंद होती: सेइको 5, 6309, सर्व्हिसिंग, काच नवी. चंदेरी डायल, 9 जवळ डाग. आणि पुढे माझ्याच अक्षरात, "डायल रंगवू नये म्हणतात."

हे वाचून मी जरा गप्प झालो. कारण त्या काळात आम्हीच गिऱ्हाइकाच्या मागे लागायचो, "डायल रंगवून घ्या, नव्यासारखं होईल." डाग पडलेल्या डायली मुंबईला पाठवायच्या, आठ-दहा दिवसांत चकचकीत होऊन परत. त्यात फसवणूक कुणाला वाटत नव्हती; भिंतीला चुना लावावा तसं ते काम. जुन्याला किंमत आहे हे एचएमटीचा कारखाना बंद होईपर्यंत आम्हाला कळलंच नव्हतं. 2016 मध्ये सरकारनं तो बंद करायचं ठरवल्यावर 'जनता' आणि 'कांचन' शोधत पोरं यायला लागली, तेव्हा मी डोक्याला हात लावला. कितीतरी डायली मी स्वतःच्या हातानं रंगवायला दिल्या होत्या. हा एक माणूस मात्र डागासकट घड्याळ घेऊन गेला. पुढे घरातलं कपाट आवरताना ते जुन्या बाजारात गेलं असेल, तिथे सुट्टं झालं असेल.

"मग ती चंदेरी डायल कुठे गेली?" मुलगा म्हणाला.

"हीच असू शकते. जुना रंग काढून त्याच पत्र्यावर नवा चढवतात."

त्यानं नारिंगी डायलकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता नखानं खरवडतोय.

"विकायला आणलं असतंस तर मी बाराशे दिले असते," मी म्हटलं, "तेसुद्धा मशीनसाठी."

वडील हसले. मग मी त्यांच्याकडे वळलो. "साहेब, तुमचं आज विकायला काढलंत तर सहा-सात हजारांच्या वर कुणी देणार नाही." हसू मावळलं. त्यांना समजावलं, की घड्याळ चांगलंच आहे. ओरिएंट स्वतःचं मशीन बनवते. जुन्या तोंडवळ्याची स्वस्त ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं चावी भरणारी घड्याळं आता पुष्कळ निघालीत. नावं वेगवेगळी, पण झाकणं उघडा, बहुतेकांत सेइकोचं एनएच35 नाहीतर मियोटाचं 8215. वाईट नाहीत ती. एनएच35 तर बिघडलं तर अख्खं नवं बसवता येतं. पण तशी घड्याळं घेताना माणूस निम्मे पैसे डायलच्या चेहऱ्याचे देतो, आणि ते निम्मे दुकानाच्या पायरीवरच राहतात. तुमचं जुन्यासारखं दिसतं, पण जुनं असल्याचं कुठे सांगत नाही, हे मला आवडतं. फक्त नळाखाली धरू नका. 30 मीटर लिहिलंय म्हणून पोहायला जाणारे माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

"मी कुठे विकणार आहे?" वडील म्हणाले.

"मग किंमत कशाला विचारलीत?"

ह्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. मुलानं त्यांच्याकडे पाहून पहिल्यांदाच हसून घेतलं.

मग त्यानं विचारलं, सर्व्हिसिंगला किती. मी म्हटलं, पंधराशे, म्हणजे घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त. नको करूस, परत पाठवता आलं तर पाठव, पैसे मिळतील. तो थोडा वेळ झाकण हातात फिरवत राहिला. "करा काका," म्हणाला. "आणि आजची तारीख त्याच्याच खाली टाका."

पावतीवर लिहिलं: सेइको 5. झाकण 6309, मशीन 7009, डायल रंगवलेली, काट्यांत रेडियम नवं. सर्व्हिसिंग 1,500. वडिलांनी पावती घेतली, चष्मा वर सरकवून पूर्ण वाचली आणि मुलाच्या हातात दिली.

"पुढे विकशील तेव्हा ही सोबत दे."

"मग घेणार कोण, बाबा?"

माझा डबा तोवर गार झाला होता.