क्रॅनबोर्नचं कार्ड सॅलिस्बरीला जुळलं

मंडळी, ब्रिटिश राजकारण्यांची चरित्रं वाचताना मी माणसागणिक टिपणांची कार्डं करून खोक्यांत लावतो, त्यातला चौथा खोका अजून लागलेला नाही. दिवाळीपर्यंत डिझरायली आटोपून ग्लॅडस्टनला (दोघेही एकोणिसाव्या शतकातले पंतप्रधान) हात घालायचा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते आता होत नाही. पण गेल्या रविवारी जे हाती लागलं, त्यासाठी आणखी दोन महिनेही मी आनंदाने दिले असते.

अडचण जुनीच, नावांची. नानासाहेब म्हटलं की पानिपतावेळचे की सत्तावनचे, हे आपल्याकडेही आधी विचारावं लागतं. नाना फडणवीस म्हणजेच बाळाजी जनार्दन भानू, हेही ठाऊक असावं लागतं. पण ते लहानपणापासून कानावर असतं. ब्रिटिश उमरावाचं नाव वडील वारले की बदलतं, थोरला भाऊ वारला की बदलतं, राणीने किताब दिला की पुन्हा बदलतं. चरित्रकार मजकुरात त्या त्या वेळचं नाव वापरतो आणि सूचीत बहुधा शेवटचा किताब देतो. ऑक्सफर्डचा राष्ट्रीय चरित्रकोश आडनावाने लावतो. तीन पुस्तकं शेजारी ठेवली की एका माणसाची तीन माणसं होतात.

उलटंही होतं. तीन आठवड्यांपूर्वी ‘लॉर्ड रॉबर्ट सेसिल’ हे कार्ड काढलं. पहिली ओळ : १८५३, स्टॅमफर्डमधून कॉमन्सवर, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात. शेवटची ओळ : १९३७, शांततेचं नोबेल. चौऱ्याऐंशी वर्षांचं राजकारण एका माणसाच्या नावावर! पहिली ओळ बापाची होती आणि शेवटची त्याच्या तिसऱ्या मुलाची. बाप १८६५ पर्यंत लॉर्ड रॉबर्ट सेसिल होता. मुलगा १८६४ चा, त्याचं नावही तेच, आणि १९२३ मध्ये तोही बदलून व्हायकाउंट सेसिल ऑफ चेलवुड झाला. मधल्या सात ओळींपैकी कोणती कोणाची, हे शोधण्यात एक अख्खी सुट्टी गेली.

मग किताबवाली सगळी कार्डं बाहेर काढली. एकशे चाळीस निघाली. आधी रंग लावून पाहिले : कॉमन्सला निळा, लॉर्ड्सला, म्हणजे उमरावांच्या सभागृहाला, तांबडा. वाटलं की निदान बाप आणि मुलगा वेगळे दिसतील. पामर्स्टन या पंतप्रधानापाशी ते मोडलं. तो व्हायकाउंट खरा, पण किताब आयर्लंडचा, त्याने लॉर्ड्समध्ये आपोआप जागा मिळत नसे, म्हणून जन्मभर कॉमन्समध्येच बसला. लॉर्ड स्टॅन्लीचं तेच, वडील हयात असेपर्यंत नुसता नावाचा लॉर्ड. निळी-तांबडी टिकल्यांची पाकिटं आता भाचीला दिली आहेत.

शेवटी जमलं ते असं. माणसाला नाव नाही, नंबर. मुख्य कार्डाच्या माथ्यावर जन्माचं नाव, त्याखाली ‘नावांची रेघ’ : कोणत्या तारखेपासून कोणतं नाव. आणि प्रत्येक नावाचं एक छोटं बघा-कार्ड, त्यावर फक्त नंबर. बघा-कार्डांना साधा पातळ कागद चालतो. मुख्य कार्डाला मात्र जाड, बिनरेघी पुठ्ठाच घ्या. अप्पा बळवंत चौकात मिळतो, आणि शाईपेनाने लिहिलं तरी मागे उमटत नाही. परीक्षेच्या उजळणीसाठी विकतात ती चकचकीत कार्डं घेऊ नका, शाई दोन दिवस ओली राहते आणि बोटाला लागते.

तर रविवारी सकाळी चटईवर बसून एकतीस नंबरची, म्हणजे त्या बापाची, रेघ ओढली. १८३० : लॉर्ड रॉबर्ट सेसिल. जून १८६५ : थोरला भाऊ वारला, व्हायकाउंट क्रॅनबोर्न. एप्रिल १८६८ : वडील वारले, तिसरा मार्क्विस ऑफ सॅलिस्बरी. मग क्रॅनबोर्नची आणि सॅलिस्बरीची जुनी कार्डं तारखेने एकाखाली एक मांडली.

जुलै १८६६ ते मार्च १८६७ : भारतमंत्री, म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळात भारताचं खातं सांभाळणारा. फेब्रुवारी १८७४ ते एप्रिल १८७८ : भारतमंत्री.

पहिल्या कार्डावर ओडिशाचा दुष्काळ आहे. क्रॅनबोर्न खात्यावर आला तेव्हा बातम्या येऊ लागल्या होत्या. दोन महिने त्याने काही केलं नाही, तोवर पावसाळ्याने बंदरं बंद झाली आणि धान्य पोचवणं अशक्य झालं. सुमारे दहा लाख माणसं गेली असं मानतात. त्या दोन महिन्यांची टोचणी पुढे आयुष्यभर त्याला होती. दुसऱ्या कार्डावर १८७५ च्या मे महिन्यातला सुप्याचा, सावकारांविरुद्धचा शेतकऱ्यांचा, उठाव आहे आणि १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. म्हणजे आपला सोलापूर, नगर, विजापूरचा. सार्वजनिक सभा पुण्याहून ज्याच्या हकिकती पाठवत होती तो.

दोन्ही वेळी लंडनला त्या खुर्चीत हाच माणूस होता. दोन वर्षं ही कार्डं माझ्याकडे वेगवेगळ्या खोक्यांत पडून होती, आणि मी ओडिशावर क्रॅनबोर्नला नि दख्खनवर सॅलिस्बरीला, दोन परक्या माणसांना, प्रश्न विचारत होतो. चटईवर ती दोन कार्डं शेजारी दिसली तेव्हा मी काही वेळ पुढचं उचललंच नाही.

ह्याच रेघेवर आणखी एक जोड लागली. मताधिकार वाढवणाऱ्या डिझरायलीच्या विधेयकावरून मार्च १८६७ मध्ये ज्याने मंत्रिपद सोडलं तो क्रॅनबोर्न, आणि १८७८ मध्ये त्याच डिझरायलीबरोबर बर्लिनच्या परिषदेला गेला तो सॅलिस्बरी. त्यात डिझरायलीचा १८७६ पासून बीकन्सफील्ड झालेला! नावं उलगडल्याशिवाय हा समेट दिसतच नाही.

आता मला एकच गोष्ट हवी आहे : ओडिशाच्या टोचणीचं दख्खनच्या वेळी काय झालं? १८७४ मध्ये बिहारला रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने तांदूळ आणून माणसं वाचवली आणि खर्चासाठी बोलणी खाल्ली. त्याच टेंपलने १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. यात व्हाइसरॉय लिटनचं किती, सॅलिस्बरीचं किती? अँड्र्यू रॉबर्ट्स यांचं सॅलिस्बरीचं १९९९ चं चरित्र त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून काढलं आहे. सॅलिस्बरीची मुलगी ग्वेंडोलेन हिने लिहिलेले त्याच्या चरित्राचे चार खंड १८९२ पाशी थांबतात, पण मला हवा तो काळ दुसऱ्या खंडात आहे. एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे दुसरा मागवला, त्यांनी तिसरा पाठवला, बदलून मागितला तर पुन्हा तिसराच. सध्या स्कॅन प्रतीवर भागवतो आहे. सूची चाळायची तर छापील प्रतच हवी, पडद्यावर एक बोट ह्या पानात नि एक त्या पानात ठेवता येत नाही.

आणि हे लिहितानाच सुचलं : ग्लॅडस्टन राहू दे, आधी लांब कागदाची एक पट्टी करतो. वर १८५८ पासूनचे भारतमंत्री, खाली त्या त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर. दुष्काळात वर सॅलिस्बरी, खाली आधी वुडहाउस आणि १८७७ पासून टेंपल. पट्टीवरचं पहिलं नाव लॉर्ड स्टॅन्ली, म्हणजे पुढचा पंधरावा अर्ल ऑफ डर्बी, १८७८ मध्ये ज्याची परराष्ट्र खात्याची खुर्ची सॅलिस्बरीने घेतली. बरंच पुढे मोर्ले येईल, ज्याची गोखल्यांनी लंडनला भेट घेतली तो. ग्लॅडस्टनचं तीन खंडी चरित्र लिहिणाराही तोच, म्हणजे त्याचा नंबर लेखकांच्या खोक्यातही लागेल.

सॅलिस्बरीनंतर त्या खात्यावर गॅथॉर्न हार्डी आला आणि महिन्याभरात व्हायकाउंट झाला. किताब : क्रॅनब्रुक. क्रॅनबोर्नच्या शेजारीच येणार. त्याला बत्तीस नंबर दिला आहे, बघा-कार्ड आज रात्री करतो. ग्वेंडोलेनचा दुसरा खंड कोणाकडे असेल तर सांगा, पुण्यात कुठेही येऊन वाचून परत करीन.